हार्ड डिस्क शाबूत, मग विंडोज का उठत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला, तेव्हापासून जुनी मशीन बदलणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "जुन्यातली एसएसडी (चिपवाली डिस्क) काढून नव्यात बसवली तर सगळं जसंच्या तसं चालेल ना?" कधी चालतं. कधी निळा पडदा येतो, त्यावर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं काहीतरी लिहिलेलं असतं, मशीन रिस्टार्ट होतं आणि पुन्हा तोच पडदा. मग दुकानदार सांगतो, "विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारावं लागेल." कुणी त्याहून पुढे जाऊन म्हणतं, "ही डिस्क त्या मशीनला लाभत नाही." हे दुसरं निदान निदान निरुपद्रवी तरी आहे. पहिल्यापायी लोकांचे लग्नाचे फोटो गेलेत.

बहुतेक वेळा करप्ट काहीच झालेलं नसतं. तीच डिस्क परत जुन्या मशीनला लावा, मुकाट्याने चालू होईल. घोटाळा होतो तो बूट होण्याच्या, म्हणजे मशीन चालू होऊन विंडोज उभी राहण्याच्या, एका विशिष्ट क्षणी, आणि मला विचाराल तर त्या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मजेदार क्षण तोच.

बटण दाबलं की प्रोसेसरला विंडोज म्हणजे काय हे ठाऊक नसतं. आधी चालतं ते मदरबोर्डवरच्या (मशीनच्या मुख्य बोर्डावरच्या) चिपमध्ये भरलेलं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणत, नव्यात ते यूईएफआय असतं. बायोस डिस्कचे पहिले फक्त ५१२ बाइट वाचायचा. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ४४६ बाइटमध्ये मराठीची जेमतेम दोन वाक्यं मावतील. तेवढ्या जागेतला प्रोग्राम करणार काय? आपल्यापेक्षा मोठ्या प्रोग्रामला हाक मारायची, एवढंच. तो मोठा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर.

लोडर डिस्क स्वतः वाचत नाही, फर्मवेअरला सांगतो: डिस्कचा अमुक तुकडा (सेक्टर) आणून दे. फर्मवेअर त्याच बोर्डाचं असल्याने त्याला बोर्डावरचा कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारी चिप, नीट ओळखता येते. म्हणून मशीन बदललं तरी इथवर सगळं सुरळीत होतं. लोडर विंडोजचा कर्नल (तिचा गाभा) मेमरीत आणतो, रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीचा, एक भाग उघडतो, कोणत्या ड्रायव्हरपुढे (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामपुढे) 'स्टार्ट' या नोंदीत शून्य, म्हणजे 'बूट होतानाच हवा', असं लिहिलंय ते बघतो आणि तेवढेच ड्रायव्हर सोबत घेतो. मग सूत्रं कर्नलकडे जातात. फर्मवेअर डिस्क वाचून देण्याच्या कामातून बाजूला होतं. इथून पुढे डिस्कवरचा एकेक बाइट कर्नलने स्वतःच्या ड्रायव्हरने वाचायचा.

कोणत्या ड्रायव्हरने, ते कंट्रोलर कोणती भाषा बोलतो यावर ठरतं. पूर्वी आयडीई होतं, सॅटा डिस्कसाठी एएचसीआय आलं, २०११मध्ये एनव्हीएमईचं पहिलं मानक आलं, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचा रेड किंवा व्हीएमडी मोड कंपनीतूनच चालू असतो. समजा जुन्या मशीनमध्ये एएचसीआय होतं आणि नव्यात रेड आहे. रेडच्या ड्रायव्हरपुढे शून्य नव्हतं, म्हणून लोडरने तो घेतला नाही. त्याची फाइल कदाचित त्याच डिस्कवर, विंडोजच्याच फोल्डरमध्ये पडलेली असेल. पण ती वाचायला डिस्क वाचता यायला हवी, आणि डिस्क वाचायला तो ड्रायव्हर हवा. कपाटाची किल्ली कपाटातच. क्षणापूर्वी ज्या डिस्कवरून कर्नल आला, तीच आता त्याला दिसत नाही. निळा पडदा एवढंच सांगत असतो.

मग सगळ्याच ड्रायव्हरना शून्य का देत नाहीत? विंडोज ७ इन्स्टॉल होताना, बूट लवकर व्हावं म्हणून, नको असलेले डिस्क-ड्रायव्हर मुद्दाम बंद करून टाकायची. विंडोज ८पासून परिस्थिती बरीच सुधारली, म्हणून आज अदलाबदल पुष्कळदा जमते. स्क्रीन, आवाज, वायफाय यांचे ड्रायव्हर मागाहून आले तरी चालतं, कारण प्रत्येक उपकरण आपला उत्पादक-क्रमांक सांगतं आणि चालू झालेली विंडोज त्यावरून ड्रायव्हर शोधते (इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, आपल्या १९७८च्या प्रोसेसरचा आकडा!). डिस्कच्या ड्रायव्हरला ही सवलत नाही. 'एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर' म्हणून विकली जाणारी सॉफ्टवेअर इथे कवडीच्या कामाची नाहीत. ती विंडोज चालू झाल्यावर चालतात. नव्या मशीनच्या फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाऊन रेडचं एएचसीआय केलं, तर अनेकदा तेवढ्यावर काम भागतं.

लिनक्सने हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. कर्नलसोबत इनिटरॅमएफएस नावाचं एक छोटं गाठोडं असतं. डेबियन, उबुंटूमध्ये त्यात नेहमीचे बहुतेक डिस्क-ड्रायव्हर भरलेले असतात आणि लोडर ते फर्मवेअरच्याच मदतीने आधी मेमरीत आणून ठेवतो. लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह जवळपास कुठल्याही मशीनवर चालू होतो तो याच जोरावर.

काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं, तर मात्र दुखणं वेगळं. डिस्क जुन्या बायोस पद्धतीने पार्टिशन केलेली असेल तर फक्त यूईएफआय जाणणारं मशीन तिच्यावरून बूटच करत नाही. ती जुनी पद्धत (एमबीआर) नव्या पद्धतीत (जीपीटी) बदलायला विंडोज १०मध्ये एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे. डिस्क जुन्या मशीनमध्ये असतानाच, बॅकअप घेऊन, ते चालवावं. मग त्या जुन्या मशीनच्या सेटअपमध्येही यूईएफआय निवडावं लागतं.

आणि स्क्रू काढण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, तपासा. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्याबरोबर तो तुम्हाला न विचारता चालू होतो. त्याची गुप्त किल्ली जुन्या मदरबोर्डशी बांधलेल्या टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते, म्हणून नवं मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या अकाउंटमध्ये सापडते. तिथे नसेल तर जुन्या मशीनवरच बिटलॉकर बंद करून, डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा. जुना बोर्ड भंगारात गेल्यावर की शोधायला निघालात आणि ती सापडली नाही, तर ती डिस्क कुणीच उघडू शकत नाही.