ताग्यावरची देवी, बाटलीवरची महिरप

लोणची, साबण आणि चहा यांच्या नव्या वेष्टनांवर मुंबईत अलीकडे महिरपी, वेलबुट्टीच्या चौकटी आणि कमळावर उभी असलेली लक्ष्मी पुन्हा दिसू लागली आहे. या रूपाचे मूळ बऱ्याच अंशी कापडाच्या ताग्यांवर चिकटवल्या जाणाऱ्या रंगीत लेबलांत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून मुंबई बंदरात उतरणाऱ्या कापडावर अशी लेबले असत आणि गिरणगावातील गिरण्यांनीही पुढे तीच रीत उचलली. बहुसंख्य गिऱ्हाइकांना अक्षरओळख नसल्यामुळे माल ओळखला जाई तो वाघ, हत्ती किंवा देवी अशा छापावरून. ब्रिटनमध्ये १८७६ पासून व्यापारचिन्हांची नोंदणी होऊ लागली, हिंदुस्थानात मात्र तसा कायदा १९४० मध्ये झाला. तोवर लेबलावरचे ठसठशीत चित्र हीच व्यापाऱ्याच्या नावाची मोठी राखण होती.

ही लेबले दगडावरून छापली जात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे, म्हणजे आठ रंगांसाठी तोच कागद आठ वेळा यंत्रातून काढावा लागे, आणि एखाद्या वेळी कागद केसभर जरी सरकला तरी देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरे. त्या काळी ज्या चुकीपायी कागद रद्दीत जात, ती आज ‘जुनेपणा’ यावा म्हणून संगणकावर मुद्दाम केली जाते. शिवाय लेबलावरची महिरपही मूळची तिथली नव्हतीच. विलायती चित्रकारांनी ती मुघल कमानींवरून आपल्या समजुतीप्रमाणे बेतली होती.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, जो पुढे मळवलीला गेला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती तसबिरींतून घरोघरी पोहोचल्या. १९३० च्या दशकातील रीगल आणि इरॉस या चित्रपटगृहांमुळे शहराला आर्ट डेको या भौमितिक आकारांच्या सजावटशैलीचीही ओळख झाली. त्या शैलीची कोनीय अक्षरे आता कॅफेंच्या पाट्यांवर आणि मिठाईच्या खोक्यांवर दिसतात.

या उसनवारीत देवनागरी मात्र उपेक्षितच राहिली आहे. रोमन नाव नक्षीदार, जुन्या थाटाचे आणि त्याखालचे मराठी नाव संगणकातल्या तयार, सपाट टंकात, असे वेष्टन हातात आले की खटकते. मुंबईतच जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी आरू यांनी बोरूच्या वळणाची, जाड-बारीक रेषांची देवनागरी अक्षरे घडवली होती. ती पाहायला अजूनही त्या छापखान्याच्या जुन्या संस्कृत पोथ्याच उघडाव्या लागतात.