कच्चे कैदी आढावा समिती

खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्या व्यक्तींची प्रकरणे ठरावीक काळाने तपासणारी जिल्हा पातळीवरील समिती. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक हे सदस्य. अशा कैद्याला सरकारी कागदांत ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात. बोलताना तो कच्चा कैदी, आणि शिक्षा लागली की पक्का. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे चारांत तीन.

कच्चा कैदी एकाच वेळी तीन यंत्रणांच्या हिशेबात असतो. अटक पोलिसांची, कोठडीचा हुकूम न्यायालयाचा, कुलूप आणि भत्ता (जेवण) कारागृहाचा. पोलीस व कारागृहे हे राज्यसूचीतील विषय असून महाराष्ट्रात दोन्ही गृह विभागाकडे आहेत. जिल्हा न्यायालयांवरचे नियंत्रण मात्र घटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे. त्यामुळे तिघांनाही हुकूम देऊ शकेल असा वरिष्ठ जिल्ह्यात कोणी नसतो, आणि न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य जपायचे तर असूही नये. अडचण निघते ती इथूनच. दोषारोपपत्र गेले की पोलिसांच्या लेखी मुख्य काम उरकते. न्यायालयापुढे त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या खटल्यांची यादी, असते. कारागृह वॉरंटवरची पुढची तारीख पाहते. सणासुदीच्या बंदोबस्तात पोलीस मुख्यालयातून गार्द, म्हणजे कैद्याला न्यायालयात नेणारे पोलीस, मिळाली नाही, तर कैदी तारखेला पोचतच नाही आणि पुढची तारीख पडते. यात कोणी नियम मोडलेला नसतो, पण कोठडीचे दिवस वाढत जातात.

या दिवसांची मोजदाद करण्याचा प्रश्न १९७९ साली हुसैनआरा खातून खटल्यात ठळकपणे पुढे आला. ज्या गुन्ह्याचा आरोप, त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ बिहारच्या तुरुंगांत काढलेली माणसे तेव्हा सर्वोच्च न्यायालयासमोर आली. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ आले ते त्यानंतर पाव शतकाने, २००५ च्या दुरुस्तीने : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला की जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सुटका. कायदा झाला, पण निम्मा काळ कोणाचा कधी भरला हे पाहणारा कोणी नेमलेला नव्हता. जानेवारी २०१३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना आढावा समित्या नेमण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी जूनमध्ये माजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांनी देशातील १,३८२ कारागृहांमधील स्थितीबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले आणि ते जनहित याचिका म्हणून दाखल झाले. तिच्या सुनावणीत २४ एप्रिल २०१५ रोजी न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात समिती असावी आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांनी तीत बसावे, असा आदेश दिला. फेब्रुवारी २०१६ च्या निकालाने दर तीन महिन्यांनी बैठक बंधनकारक केली.

समितीपुढे कोणाची प्रकरणे यावीत याची यादी २०१८ च्या कार्यपद्धतीत १४ प्रकारांपर्यंत वाढली. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळालेले, तडजोडीस पात्र गुन्ह्यातले, आजारी, मनोरुग्ण, स्त्रिया, ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र न आल्याने जामिनाचा हक्क मिळालेले, प्रतिबंधक कारवाईत अडकलेले असे हे प्रकार. समिती कोणाला सोडू शकत नाही. ती शिफारस करते, विधी सेवेचा वकील अर्ज देतो, निर्णय संबंधित न्यायालयाचा. म्हणून बैठकीपेक्षा बैठकीच्या आधीचे कारकुनी काम महत्त्वाचे. अटकेची खरी तारीख, लागलेली सगळी कलमे, दुसरा गुन्हा आहे की नाही, हे कारागृहाच्या यादीत चुकले तर वरचे पाच अधिकारी चुकीच्याच कागदावर सह्या करतात. दोषारोपपत्रात पोलिसांनी कलम कमी केले आणि कारागृहात जुनेच राहिले, तर हक्क मिळालेला माणूस यादीत येतच नाही. समितीचे यश किती बैठका झाल्या यावर मोजण्याची सवय त्यामुळे फारशी उपयोगाची नाही. शिफारस झालेल्यांपैकी प्रत्यक्ष किती जण दाराबाहेर पडले, हे विचारावे लागते.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने ही जबाबदारी अधिक नेमकी केली. आधी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीसाठी मुदत निम्म्यावरून एक-तृतीयांशावर आली आणि मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज देण्याचे काम थेट कारागृह अधीक्षकांवर टाकले गेले. तीन वर्षे कमाल शिक्षेच्या साध्या चोरीत पहिल्यांदाच सापडलेल्याचा हिशेब आता दीड वर्षाऐवजी एका वर्षाचा होतो. जुन्या गुन्ह्यांनाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. देहदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणारे गुन्हे मात्र यातून वगळले आहेत. त्याहून जाचक अट दुसरी : एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. एकाच घटनेत चार कलमे लावण्याची पोलीस ठाण्यांतली रीत पाहता ही अट नेमकी कोणावर पडते, हे उघड आहे.

जामीन मिळणे आणि बाहेर पडणे यांतही अंतर असते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे आदेश टाकायची पेटी होती आणि ती ठरल्या वेळीच उघडली जाई. शेवटची वेळ चुकली की मुक्काम एक रात्र वाढे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने अधीक्षकांमार्फत कैद्याला देण्यास आणि सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवण्यास सांगितले. पैशाअभावी अडकलेल्यांसाठी त्याच वर्षी केंद्राची योजना आली. २०२३ मध्ये तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, तर पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. निर्णय पुन्हा एका जिल्हा समितीचाच.