अल्झायमर आणि आनुवंशिकता
स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जळगाव-धुळे-नंदुरबारकडं अजून बऱ्याच घरांत याला म्हातारचळ म्हणतात, आजीनं भरतात दोनदा मीठ टाकलं, रोजच्या गल्लीत घर चुकली तरी "वय झालं आता" म्हणून विषय संपतो, आणि मग पोरं-नातवंडं मनातल्या मनात घाबरत बसतात की हे आपल्यालाही होणार. बहुतेक घरांत तसं काही ठरलेलं नसतं.

ठरल्यासारखा प्रकार आहे, पण फार दुर्मिळ, एकूण रुग्णांत १ टक्क्याच्याही आत. एपीपी (गुणसूत्र २१), प्रेसेनिलिन-१ (गुणसूत्र १४) किंवा प्रेसेनिलिन-२ (गुणसूत्र १) यांतल्या एखाद्या जनुकात दोष असला की आजार साधारण पासष्टीच्या आत, कधी चाळिशीतच दिसतो, आणि तो दोष प्रत्येक मुलाकडं जायची शक्यता निम्मी.

बाकीच्यांचा मुख्य प्रश्न एपीओई जनुकाचा (गुणसूत्र १९). ई-२, ई-३, ई-४ अशी याची तीन रूपं, फरक फक्त या जनुकातून बनणाऱ्या प्रथिनातल्या ११२ आणि १५८ या दोन जागांवरच्या अमिनो आम्लांचा (प्रथिनाचे घटक): ई-४ मध्ये दोन्हीकडं आर्जिनीन, ई-२ मध्ये दोन्हीकडं सिस्टीन, ई-३ मध्ये ११२ ला सिस्टीन आणि १५८ ला आर्जिनीन. ई-४ चा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्ये पुढं आला. ई-४ ची एक प्रत (आई किंवा बाप एकाकडून आलेली) असली तर धोका साधारण तिप्पट, दोन (दोघांकडून आलेल्या) असल्या तर आठ ते बारा पट धरतात, वंशगटानुसार हे आकडे बदलतात. ई-२ मुळं धोका उलट कमी होतो. यातलं ई-४ च सगळ्यात जुनं आणि ई-३ नंतर, बहुधा दोनेक लाख वर्षांपूर्वी आलं असं बरेच अभ्यासक मानतात, चिंपांझीच्या या प्रथिनातही ११२ ला आर्जिनीनच आहे, त्यामुळं हे मत जास्त पटतं, काळाचा अंदाज मात्र सैलच धरावा. दोन ई-४ असणं हा वेगळा आनुवंशिक आजारच समजावा असं २०२४ मध्ये काही संशोधकांनी मांडलं, त्यावर एकमत नाही.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी लोकांना माहिती आहे, तिथं आई-बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलं की आजार असतोच. ई-४ चं तसं नाही, दोन प्रती असूनही काहींची बुद्धी म्हातारपणापर्यंत शाबूत राहते, आणि एकही नसलेल्यांना आजार होतो.

भारतात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतला अभ्यास महत्त्वाचा. तिथं ई-४ चं प्रमाण अमेरिकेपेक्षा कमी निघालं, पण आजाराशी त्याचं नातं तेवढंच घट्ट दिसलं.