छोटा पेनड्राइव्ह एवढा का तापतो?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सीताबर्डी, नागपूर

एप्रिल लागला की बर्डीवरच्या आमच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते: "नवाच घेतला, पण हात लावायची सोय नाही!" बहुतेक वेळा पेनड्राइव्हमध्ये बिघाड नसतो. तक्रार असते ती नखाएवढ्या, यूएसबी 3 च्या (म्हणजे यूएसबी 2 पेक्षा वेगवान) पेनड्राइव्हची.

मेमरी आणि तिचा कारभार पाहणारी कंट्रोलर चिप काम करताना तापणारच. वाचताना कमी, लिहिताना जास्त. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो, यूएसबी 3 चा 900 पर्यंत. लांब पेनड्राइव्हला उष्णता टाकायला अंग तरी असतं. हा बारका निम्मा पोर्टातच खुपसलेला, वर लॅपटॉपची गरमी वेगळीच. धातूची बॉडी चटका देते, कारण ती आतली उष्णता बाहेर काढते. प्लास्टिकचा हाताला थंड लागला म्हणजे आतूनही थंड आहे, असं समजू नका.

बऱ्याच पेनड्राइव्हची चालण्याची मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात बाहेर 45 आणि खोलीत चाळिशी असताना हातात उरतं किती? उन्हात उभ्या कारमध्ये तर काहीच नाही. गाण्यांचा पेनड्राइव्ह म्यूझिक सिस्टमलाच लावून ठेवू नका, काढून खिशात टाका.

लग्नसराईत व्हिडिओवाले अख्खं लग्न एका दमात कॉपी करतात. सुरुवातीला वेग छान असतो, मग एकदम बसतो. आतली वेगवान जागा भरते हे एक कारण. दुसरं, जास्त तापल्यावर काही कंट्रोलर स्वतःच वेग कमी करतात. मध्येच उपसू नका. दहा-दहा जीबीचे टप्पे पाडा, मध्ये थोडं थांबा. छोटी एक्स्टेन्शन केबल लावली तर लॅपटॉपची गरमी पेनड्राइव्हला लागत नाही. घाई नसेल तर यूएसबी 2 चा पोर्ट वापरा. वेळ जास्त जाईल, पण ताप कमी होईल. रोजचंच मोठं काम असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: बारका घेऊच नका, पोर्टेबल एसएसडी (केबलने जोडायची वेगवान साठवण डिस्क) घ्या. आमची विक्री त्यात वाढते हे खरं, तरी सल्ला तोच.

तापलेला पेनड्राइव्ह फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल धरतो. कूलरच्या थेट झोतातही नको, तुषार उडतात.

काही कॉपी होत नसताना चटका बसतो, जळका वास येतो, किंवा लावताच तापतो आणि कॉम्प्युटरला दिसतच नाही, अशा वेळी शॉर्ट असू शकतो. लगेच काढा. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायचा मोह टाळा, पोर्ट जाऊ शकतो.

वॉरंटीत पेनड्राइव्ह बदलून मिळतो, आतला डेटा नाही. बारक्या पेनड्राइव्हमध्ये मेमरी आणि कंट्रोलर बहुधा एकाच तुकड्यात बंद असतात, त्यामुळे डेटा काढणं अवघड आणि महाग पडतं. दुकानात येताना बिल आणा, आणि पेनड्राइव्ह कशाला लावला होता, कार, टीव्ही की लॅपटॉप, तेवढं सांगा.