क्रूझची सुट्टी : जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण कसे झाले

मोठ्या क्रूझ जहाजावर पहिल्यांदाच चढणाऱ्या प्रवाशाला दोन गोष्टी बुचकळ्यात टाकतात. राहणे, जेवण आणि रात्रीचे कार्यक्रम तिकिटात धरलेले असूनही जहाजावरचा खर्च खात्यावर मांडणारे कार्ड दिवसभर हातातच राहते. आणि ज्या बंदरांची नावे वाचून सहल ठरवली, तिथे जेमतेम आठ-दहा तास मिळतात. या दोन्हींची मुळे जहाज कंपन्यांच्या जुन्या अडचणींत आहेत.

एकोणिसाव्या शतकात अटलांटिक ओलांडणारी मोठी जहाजे माणसांना पलीकडे पोहोचवण्यासाठीच होती. हिवाळ्यात प्रवासी रोडावत आणि जहाजांना पुरेसे काम उरत नसे. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन जहाज कंपनीच्या आल्बेर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह केवळ सहलीसाठी भूमध्य समुद्रात पाठवले. पुढे १९०० मध्ये याच कंपनीने खास सहलींसाठी बांधलेले ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुइझ’ पाण्यात उतरवले; सहा वर्षांनी ते जमैकाजवळ खडकांवर चढून निकामी झाले. तरीही अर्धे शतक क्रूझ हा जोडधंदाच राहिला.

ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत या जहाजांचे मूळ काम संपले. १९६६ मध्ये मायामीहून बहामाच्या सहली सुरू करणारे ‘सनवर्ड’ तर मुळात प्रवासी आणि त्यांच्या मोटारी वाहण्यासाठी बांधलेले होते. खरा पालट मात्र ‘फ्रान्स’ या अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजात दिसतो. १९७९ मध्ये ते विकत घेऊन, ‘नॉर्वे’ असे नवे नाव देऊन, कॅरिबियन सहलींसाठी बदलण्यात आले, तेव्हा त्याला पाण्यात ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी (प्रोपेलर) दोन काढून टाकले गेले, कारण लवकर पोहोचण्याची कुणालाच घाई उरली नव्हती; जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण झाले होते आणि बंदरे वाटेतले थोड्या तासांचे थांबे. थंड वाऱ्यापासून जपण्यासाठी बंदिस्त ठेवलेले डेक उन्हासाठी मोकळे केले गेले. जहाज इतके खोल बुडे की अनेक उथळ बंदरांच्या धक्क्याला ते लागू शकत नसे, म्हणून प्रवाशांची ने-आण करणाऱ्या दोन मोठ्या होड्या त्याच्यावरच ठेवल्या. आजही काही बंदरांत जहाज दूर नांगरून लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात, आणि त्या रांगेत सुट्टीचा एखादा तास सहज जातो.

वेग गेला, आकार वाढत राहिला. ‘टायटॅनिक’चे टनेज ४६,३२८ होते, २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे २,४८,६६३ आहे. (हे जहाजाचे वजन नसून आतल्या जागेचे माप आहे.) वीस डेक आणि पूर्ण भरल्यावर सुमारे ७,६०० प्रवासी, एवढा पसारा भरायचा तर मूळ भाडे आवाक्यात ठेवावे लागते, मग कमाई मद्य, जुगारघर, स्पा आणि किनाऱ्यावरच्या सहलींतून होते, आणि कार्ड हातात राहते ते त्यामुळे. एका कंपनीने १९७७ मध्ये बहामातले ग्रेट स्टिरप के हे बेटच विकत घेतले, तेव्हापासून किनाऱ्यावरचा खर्चही घरातच ठेवण्याची वाट खुली झाली. जुन्या जहाजांवरचे पहिला-दुसरा-तिसरा हे वर्ग गेले असे म्हणतात, पण महागड्या दालनांतल्या (स्वीट) प्रवाशांसाठी राखीव भोजनगृह आणि डेक पाहिल्यावर ते विधान जपूनच करावेसे वाटते.

पहिल्या दिवशीच्या सुरक्षा-कवायतीकडे प्रवासी कटकट म्हणून पाहतात. ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तरी प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत कवायत घेण्याची मुभा दीर्घकाळ राहिली. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्यालगत खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. अनेक जहाजांवर सूचना मोबाइलवर पाहून, सात आखूड आणि एक लांब भोंगा ओळखून, नेमून दिलेल्या जागी जायचे असते. तिथला कर्मचारी कार्ड तपासून हजेरी लावतो.