मंचावरचे नाव आणि उंबऱ्याआतले नाव

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराशी थोडा वेळ उभे राहावे. निवेदकाने ज्या नावाने कलावंताला मंचावर बोलावले, त्या नावाने इथे त्याला कोणी हाक मारत नाही. साथीदार ‘दादा’ म्हणतात, शिष्य ‘सर’ म्हणतात आणि शाळेतला जुना मित्र भेटला तर नुसते ‘काय बे!’

टोपणनावाने गाजलेला कलावंत घरी जन्माच्या नावानेच वावरतो का, हे कुतूहल जुने आहे. त्यात माणसाला दोनच नावे असतात असे आपण धरून चालतो. मराठी घरात तेवढ्यावर कधी भागले नाही. पत्रिकेत राशीवरून निघालेले ‘जन्मनाव’ असते, ते पुष्कळदा फक्त गुरुजींना ठाऊक असते. आत्याने पाळण्यात ठेवलेले नाव दुसरे. शाळेच्या दाखल्यावर कधी तिसरेच चढते आणि घरातले सगळे बेबी, बंडू, छकुली म्हणत राहतात. मुलीच्या नशिबी आणखी एक. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नाव सासरी चालते, पण ती माहेरी आली की आईच्या तोंडी पहिलेच नाव येते. कोणते नाव खरे, असा वाद आपल्याकडे कधी झाला नाही. कोण हाक मारतो त्यावर नाव ठरते. कलावंतांच्या बाबतीतही हेच घडत आले, असे मला हा इतिहास चाळताना सतत जाणवले.

विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत नाटक केले तिथपासून मराठी रंगभूमीचा काळ मोजतात. पुढच्या नाटकमंडळ्यांत गेलेल्या चांगल्या घरच्या मुलांना ‘नाटक्या’ ही शिवी ऐकावी लागे. तरी नाव लपवण्याची रीत पुरुष नटांत फारशी पडली नाही. गणपतराव जोशी गणपतरावच राहिले. भाऊराव कोल्हटकर तर प्रेक्षकांचे लाडके ‘भावड्या’ झाले, म्हणजे घरात शोभावी अशी हाक थेट पिटातून येऊ लागली.

आपल्याकडे रुजली ती पदवी. नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967) यांना ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांच्या तोंडून मिळाले असे परंपरेने सांगतात. नाटकाच्या जाहिरातीत बालगंधर्व, पण कंपनीतल्या माणसांना ते नारायणराव. त्या काळच्या आठवणी वाचताना ‘नारायणराव’ इतक्या सहजपणे येते, की पदवी म्हणजे भरजरी शालू आणि हे नाव म्हणजे घरचे धोतर वाटते. गायक रामचंद्र कुंदगोळकरांचेही तसेच. ‘सवाई गंधर्व’ ही पदवी त्यांना आपल्या वऱ्हाडातून, अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांकडून मिळाल्याचे सांगतात. त्यांच्या नावाचा महोत्सव आजही पुण्यात भरतो, पण जवळच्यांचे ते रामभाऊ. सौदागर नागनाथ गोरे ‘छोटा गंधर्व’ झाले. पदवी मूळ नावाला ढकलून देत नाही, त्याच्यावर पांघरली जाते, आणि नारायणराव किंवा रामभाऊ हे जन्माचे कोरडे नावही नव्हे. ‘राव’ आणि ‘भाऊ’ जोडून त्याचे नाते झालेले असते.

या सगळ्यात मला सर्वांत बोलके वाटते ते माने घराणे. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची पाच मुले. त्यांत थोरला अब्दुल रहमान, एक मुलगी चंपाकली आणि धाकटी सकीना. ताराबाई 1922 च्या सुमारास मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर आणि सकीना सरस्वती, लग्नानंतर सरस्वतीबाई राणे. घर सोडलेल्या आईने मुलांना नव्या जगात उभे राहायला दिलेली ही नावे होती. त्यांच्यामागे धर्म होता, समाज होता आणि गाणाऱ्या बाईकडे बघणाऱ्या नजराही होत्या. तेव्हा कुलीन घरच्या श्रोत्यांसमोर स्त्रीने बैठकीत गायचे म्हणजे नावापासून साडीच्या पदरापर्यंत सगळे तोलून घ्यावे लागे. हिराबाईंनी ते केले आणि तिकीट लावून स्त्रीने जाहीर मैफल करण्याची वाट मोकळी केली. सरस्वतीबाईंची घरातली हाक मात्र ‘छोटूताई’. सकीना मागे राहिली, सरस्वती बाहेरच्यांसाठी, आणि उंबऱ्याच्या आत हे तिसरे नाव.

तमाशात आणि शाहिरीत कारणे वेगळी. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफायची चाल आहे, त्यामुळे शाहिराला गाण्यात बसणारे नाव लागतेच. रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी ‘पठ्ठे बापूराव’ झाले. ब्राह्मण घरातून तमाशात जाताना त्यांच्यासाठी ते अंग बदलण्यासारखेच होते. कवलापूरचे जुळे भाऊ लहू आणि अंकुश खाडे ‘काळू-बाळू’ म्हणून महाराष्ट्रभर गाजले. मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते नाव सभा पेटवायला पुरेसे असे.

नागपूरकरांना या प्रकाराची ओळख नाटकापेक्षा कवितेतून जास्त झाली असावी. आत्माराम रावजी देशपांडे सरकारी कागदावर, आणि कवितेखाली ‘अनिल’. नागपुरातच जन्मलेले माणिक गोडघाटे प्राध्यापकी करत, आणि वाचक ज्यांच्या ओळी पाठ करत ते ‘ग्रेस’. अनिलांची गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट भिडते. त्यांचा आणि कुसुमावतींचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार पुढे छापला गेला, त्याचे नाव ‘कुसुमानिल’. दोन माणसांच्या अगदी खासगी पत्रांवर जे नाव कोरले गेले त्यात आत्माराम नाही, अनिल आहे. घेतलेले नाव उंबरा ओलांडून आतही येऊ शकते, याचा याहून हळवा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

चित्रपटात नाव बदलणे हा धंद्याचा भाग झाला. मूकपटांच्या काळात रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या. येवल्याची अंबा सगुण ललिता पवार झाली. 1944 च्या ‘ज्वार भाटा’ साठी देविका राणींनी युसूफ खान यांना दिलीप कुमार हे नाव दिले. तरी लता मंगेशकरांच्या तोंडी ते कायम युसूफभाई, आणि सायरा बानूंसाठी ‘साहब’. मीना कुमारींचे जन्माचे नाव महजबीन, पण कमाल अमरोहींनी त्यांना ‘मंजू’ म्हटले. खंडव्यात जन्मलेला आभास गांगुली किशोर कुमार झाला. त्या काळी खंडवा मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर. त्यांचे थोरले भाऊ कुमुदलाल जगासाठी अशोक कुमार आणि जवळच्यांसाठी ‘दादामुनी’. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड 1975 मध्ये रजनीकांत म्हणून पडद्यावर आला, पण बस कंडक्टर असतानाच्या जुन्या सोबत्याकडून तो अजून ‘शिवाजी’ अशीच हाक ऐकतो. नाव होण्याआधी जो भेटला, त्याच्यापाशी आधीचेच नाव राहते.

नागपूरचे आपले उदाहरण द्यायचे तर नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर. त्यांनी नाव कधी बदलले नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 मध्ये रंगमंचावर आले आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतराव देशपांडे घराघरांत पोचले, तेव्हाही जाहिरातीत दारव्हेकर हेच होते. रंजन कला मंदिरच्या तालमीत आणि गावात मात्र ते ‘मास्तर’. मंचासाठी वेगळे नाव न घेतलेल्या माणसालाही जवळच्यांनी आपले नाव दिलेच. म्हणून टोपणनाव घेतले की खासगी नाव वेगळे पडते, असा हिशोब मला पटत नाही. ते तसेही वेगळे पडत असते.

जन्माचे नाव हटून बसते ते कागदावर. आधार, पॅन, बँकेचे खाते, सातबारा, इस्पितळातला केसपेपर, इथे पदवी चालत नाही. नाव कायमचे बदलायचे तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि हे बहुतेक कलावंत करतच नाहीत. मग करारात ‘ऊर्फ’ येतो.

पण नाव कुठे मुरले हे खरे कळते ते पुढच्या पिढीत. अमर शेखांची कन्या कवयित्री झाली आणि तिने नाव लावले मलिका अमर शेख. बापाने चळवळीसाठी घेतलेले नाव लेकीचे हक्काचे झाले, पटेल मागे राहिले. कुमार गंधर्वांकडे याच्या नेमके उलटे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली या मुलाला बालपणीच ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली आणि देवासला ते सगळ्यांचे कुमारजी झाले. इतकी मोठी पदवी हाताशी असताना थोरल्या मुलाने नाव लावले मुकुल शिवपुत्र. लेक कलापिनी आणि नातू भुवनेश दोघेही कोमकली लावतात. मैफिलीच्या पत्रिकेवर आजही तेच छापले जाते.