दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनमधला नमुना संशोधनासाठी हवाय? अर्ज इथे अडकतो

"नाहीतरी फेकायचाच तुकडा आहे, त्याला कसली परवानगी?" पीजीचे विद्यार्थी हे दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी अर्ज परत येतात. ओठ शिवताना कापलेली कड असो की कवटीचे सांधे अकाली जुळलेल्या बाळाच्या हाडाचा तुकडा, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाण्याऐवजी तो संशोधनासाठी ठेवायचा तर एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीची) मंजुरी हवी आणि पालकांची स्वतंत्र संमतीही. ऑपरेशनच्या संमतीपत्रात एक ओळ घुसवून भागत नाही.

प्रोटोकॉल, गाईडची सही, सीव्ही सगळे जोडतात. घोळ होतो तो वयाचा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती पुरते. ७ ते १२ वयाला मुलाचा तोंडी होकार पालकांसमोर घेऊन नोंदवायचा. त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार, त्यावर पालकांचीही सही. ओठाचं ऑपरेशन तान्ह्या बाळाचं, म्हणून होकाराचा कागद कोणी जोडतच नाही. पण त्याच अभ्यासात हिरडीच्या फटीत हाड भरायला आलेला नऊ वर्षांचा मुलगा असतो, नाक सरळ करायला आलेली सोळा वर्षांची मुलगी असते!

सही कोणाची? बाळाबरोबर येतात आई आणि आजी, बाप ऊसतोडीला. जादा काप घ्यायचा नसेल, म्हणजे जोखीम किमान असेल, तर सहसा एकट्या आईची सही चालते. आजी कायदेशीर पालक नसेल तर तिची नाही. अंगठा असेल तर साक्षीदार अभ्यासाबाहेरचा हवा, तुमचा रूममेट नको.

मराठी फॉर्ममध्ये कृपा करून 'ऊतक' (टिश्यू) लिहू नका. 'ऑपरेशनमध्ये निघालेला छोटा तुकडा' लिहा, आयांना कळेल. 'नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडणार नाही' हे वाक्य हवंच. नमुना साठवणं आणि पुढे जनुकीय तपासणी करणं यांना हो-नाही खूण करायला वेगवेगळ्या चौकटी द्या. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

बैठकीची तारीख ही अर्जाची मुदत नव्हे. अर्ज त्याआधीच पोचावा लागतो. आधी नमुने गोळा करून मागाहून मंजुरी मागितली तर ती मिळत नाही. थिसिसचं वर्ष संपत आलंय, हे कारण ऐकून कमिटीचे कान किटलेत.

मंजुरी आली की ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टरांशी आधीच बोला. सवयीने तुकडा फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) पडला, की त्यातून जनुकीय तपासणीला लागणारा चांगला आरएनए निघायची आशा सोडा.